सोड्यानं धुतलेलं शेवाळ

फिनेलकाकूंना हे नाव कुणी ठेवलं ते गल्लीत कुणालाच सांगता आलं नसतं, पण ते चुकलंय असंही कुणी म्हटलं नसतं. काकू वळणावर दिसायच्या आधी त्यांचा वास यायचा. नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत त्या उभ्या जन्माच्या सफाई कामगार. जिने त्यांचे, सभागृह त्यांचं, संडासही त्यांचेच. साहेब लोक येत होते, बदलून जात होते, पण 'पाय पुसा' हा हुकूम तोच राहिला होता. खुद्द अध्यक्षांना त्यांनी एकदा भाषणाच्या ऐन वेळी बाहेर उभं करून ठेवलं होतं, कारण फरशी वाळली नव्हती.

त्यांचा एकच कट्टर वैरी होता, तो म्हणजे शेवाळ. इमारतीच्या मागच्या दगडी पायऱ्यांवर ऊन पडत नसे, त्यामुळे तिथं ते हटकून धरायचं. काकू तारेचा ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसायच्या आणि त्याच्याशी बोलत बोलत ते खरवडायच्या. "आलास परत? लाज नाही वाटत?" ऐकणाऱ्याला वाटायचं, काकू जावयाशी बोलताहेत.

निवृत्त झाल्यावर ही सगळी ताकद घरात आली. घर लहान, ताकद मोठी, आणि मध्ये सापडले काका. काका बसचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हातारपणाचं स्वप्न एवढंच होतं, की आपण बसावं आणि आपल्याला कुठंही जायला लागू नये. पण ते खुर्चीत टेकले, की काकू म्हणायच्या, "पाय वर घ्या." ते पाय वर घ्यायचे. मग, "आता उठाच, खाली राहिलंय." ते उठून दारात उभे राहिले की दाराचा उंबरा पुसायची वेळ झालेली असायची.

"अगं, मी माणूस आहे की बरणी?" काका एकदा म्हणाले.

"बरणी एका जागी राहते," काकू म्हणाल्या.

काकांनी मग किराणा दुकानाबाहेरच्या फळ्यावर लावलेली एक जाहिरात वाचली आणि त्यातली निम्मीच काकूंना सांगितली. "रोपवाटिकेत बायका पाहिजेत. निवृत्त चालतील. सावलीतलं काम." काकूंच्या डोळ्यांसमोर कुंड्यांच्या सरळ रांगा उभ्या राहिल्या. जाहिरातीतलं 'दलदल' आणि 'चिखलात काम करण्याची तयारी' हे काकांनी गिळून टाकलं. आयुष्यात त्यांनी केलेली ही एवढीच लबाडी, पण ती त्यांनी अगदी मन लावून केली.

गावाच्या कडेला मोठी दलदल होती. म्हणजे पूर्वी होती. आजोबांच्या काळात तिच्यात चर खणून पाणी काढून दिलं होतं आणि खालची काळी, भुसभुशीत माती विटांसारखी कापून लोकांनी चुलीत घातली होती. ती माती म्हणजे मुळात शेवाळच. पाण्यात बुडाल्यामुळे धड कुजलंही नाही, असं थरावर थर साचत गेलेलं, हजारो वर्षांचं. तिला पीट म्हणतात. ओली आहे तोवर ती गप्प असते. वाळली की खचते, आणि पेटली की आतल्या आत धुमसत राहते. मागच्या उन्हाळ्यात ती अशीच धुमसली होती आणि गावभर धूर पसरला होता. काकूंनी तेव्हा धुतलेले पडदे पुन्हा पुन्हा धुतले होते. म्हणून आता चरांत लाकडी फळ्या ठोकून पाणी अडवत होते, आणि उघड्या पडलेल्या काळ्या मातीवर पुन्हा शेवाळ लावायचं ठरलं होतं. ते वाढवायची जागा म्हणजे ही रोपवाटिका.

पहिल्या दिवशी काकूंनी काचघरात पाऊल ठेवलं आणि रांगेनं मांडलेले ट्रे पाहिले. त्यांना वाटलं, इथं फार साचलंय, म्हणून आपल्याला बोलावलंय. त्यांनी पिशवीतून तारेचा ब्रश काढला.

"काकू! काकू, नको!" रोपवाटिकेच्या मॅडम ओरडतच धावल्या. वयानं काकूंच्या मुलीएवढ्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट, केसांत काडी अडकलेली. "हे वाढवायचंय!"

"वाढवायचं?"

"हो."

"मुद्दाम?"

संध्याकाळी घरी येऊन काकूंनी काकांकडे असं पाहिलं, की काका आपणहून पाय वर घेऊन बसले.

पण काकूंनी काम सोडलं नाही. आधी हट्टानं सोडलं नाही, नंतर मात्र वेगळंच झालं. जन्मभर त्यांनी सकाळी जे केलं होतं ते संध्याकाळपर्यंत कुणीतरी तुडवून ठेवलं होतं. इथं सकाळी चिमूटभर शेवाळ कातरून ओल्या मातीवर पसरलं, की पुढच्या आठवड्यात ते थोडं जास्त झालेलं असायचं. कुणी त्यावरून चालत गेलेलं नसायचं. काकूंना हे इतकं नवीन होतं, की त्या कधीकधी डबा खायचं सोडून ट्रेपाशी उभ्या राहायच्या. आणि कुणी पाहिलं तर मान झटकून म्हणायच्या, "घाण मेली."

शेवटच्या रांगेत लाल शेवाळ होतं. सगळ्या दलदलीत त्याचा एकच उंचवटा शिल्लक राहिला होता. तोही आगीत गेला, आणि त्यातून वाचवलेलं तेवढं या ट्रेंमध्ये आलं. पाणी धरून ठेवण्यात हे सगळ्यांत तरबेज. कोरड्या दिवसांतही पिळलं तर पाणी गळायचं. लावणीच्या दिवशी ते मधोमध जाणार होतं. मॅडम त्या आधी काही दिवस परगावी निघाल्या आणि जाताना त्यांनी काकूंचे दोन्ही हात हातात घेतले.

"काकू, लाल ट्रे तुमच्यावर सोपवते. पिंपातलं पावसाचं पाणी तेवढं शिंपडायचं. बाकी काही म्हणजे काहीसुद्धा करायचं नाही. फार हात शिवशिवले तर चहा करून प्या."

काकू पहिल्या दिवशी पुष्कळ चहा प्यायल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल ट्रेकडे पाठ करून काचा पुसल्या. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नुसतं वाकून पाहिलं, आणि तिथंच घात झाला. शेवाळात जुन्या काड्या होत्या. बुळबुळीत काहीतरी होतं. एक किडा होता, आणि तो आरामात होता. मॅडम परत येणार, लावणीला चार मोठी माणसं येणार आणि काकूंच्या ताब्यातला ट्रे असा दिसणार?

त्यांनी बाह्या सरसावल्या. शेवाळ हलक्या हातानं उचललं, नळाखाली धरलं, काड्या वेचल्या, किड्याला बाहेरचा रस्ता दाखवला. तरी बुळबुळ जाईना. मग त्यांनी डब्याच्या पिशवीतून खायचा सोडा काढला. तो त्यांच्याकडे नेहमीच असे, जसा काही बायकांकडे आरसा असतो. साबण नाही, फिनेल नाही. किती जपून चाललोय आपण, असंच त्यांना वाटत होतं. बादलीत चमचाभर सोडा, त्यात शेवाळ बुचकळलं, पुन्हा खळखळून धुतलं आणि ट्रेमध्ये नीट पसरलं. मग मागे सरून त्यांनी पाहिलं. असं लाल दिसत होतं, की बोलायची सोय नाही.

दोन दिवसांनी ते लाल राहिलं नाही. आधी ते गुलाबी पडलं, मग पिवळट, आणि मग जुन्या सुतळीसारखं पांढरं. चिमटीत धरलं तर भुगा व्हायचा.

कामावरच्या माणसाला काकूंनी विचारलं, अगदी सहज, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं. तो फळ्या ठोकायला चालला होता. "सोडा? नळाचं पाणीच त्याला मानवत नाही, खाराचं असतं म्हणून. त्याला पावसाचं आंबूस पाणी लागतं. सोडा म्हणजे सरळ विषच की," असं म्हणून तो हातोडी घेऊन निघून गेला.

घरी काकूंनी जेवण वाढलं आणि स्वतःचं ताट तसंच ठेवलं. काकांना आठवत होतं तेव्हापासून असं पहिल्यांदाच झालं होतं.

"मला काढून टाकतील," काकू म्हणाल्या. "कुठूनही कधी कुणी काढलं नाही मला. आणि काढतील ते कशासाठी, तर धुतलं म्हणून."

काकांना हसू येत होतं. ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. नोकरी गेली तर ही ताकद पुन्हा घरात येणार, हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि मग हसू आपोआप गेलं. "उद्या ताईकडे जेवायला बोलावलंय," ते म्हणाले. "जाऊन येऊ. डोक्याला जरा थंडावा."

वन्संकडे जाऊन डोक्याला थंडावा ही कल्पना फक्त वन्संच्या भावालाच सुचू शकते. वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एकट्याच राहायच्या, दलदलीच्या अगदी कडेच्या घरात. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच भेटीत वन्संनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं होतं, बोटाकडे पाहिलं होतं आणि काही न बोलता ते रुमालाला पुसलं होतं. त्या दिवसापासून दोघींत शीतयुद्ध होतं. फिनेलकाकू सगळ्या गावाला पाय पुसायला लावत, पण वन्संच्या दारात स्वतः दोनदा पुसत.

वन्संचं घर आरशासारखं. फक्त मागच्या बाजूला कुणी जायचं नाही. "मागं नको जाऊ, फरशी ओली आहे," असं वन्सं म्हणत. आणि ती फरशी काकूंच्या लग्नापासून ओलीच होती. मागच्या दाराबाहेर पत्र्याचा आडोसा होता, त्याला रंग दिलेला, त्या रंगावरही डाग नाही.

त्या दिवशी जेवण झालं आणि काकू भांडी घेऊन मोरीत गेल्या. कोपऱ्यात वन्संचा मॉप उलटा उभा करून ठेवलेला. काकूंनी तो नजरेखालून घातला, सवयीनं, जशी बाई दुसरीच्या बांगड्या पाहते. दोऱ्यांच्या मुळाशी काहीतरी अडकलं होतं. इवलंसं, चांदणीसारखं, आणि लाल.

काकूंनी ते चिमटीत काढलं. पिळलं. पाण्याचा थेंब आला.

"वन्सं," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "मागची फरशी वाळली का हो?"

"नाही," वन्सं म्हणाल्या.

"मी पुसून देते."

"काही गरज नाही. तू पाहुणी आहेस."

"पाहुणी कसली, घरचीच आहे."

"घरच्या माणसानंच ऐकावं. बस खाली."

काका ताटातला शेवटचा घास हातात धरून दोघींकडे पाहत होते. ड्रायव्हर असल्यामुळे त्यांना समोरून दोन गाड्या येताना लगेच कळायच्या. ते उठून पुढच्या खोलीत जाऊन झोपले, किंवा तसं दाखवलं.

काकूंनी तळहात उघडला. त्यावर लाल चांदणी होती. "हे तुमच्या मॉपमध्ये होतं."

वन्संचा चेहरा पाहून काकूंना आयुष्यभराचा हिशेब चुकता झाल्यासारखं वाटायला हवं होतं. चौकटीवरून फिरलेलं ते बोट त्यांना आठवलंही. पण वन्सं एकदम इतक्या म्हाताऱ्या दिसायला लागल्या, की मजाच गेली. "काय काय करून पाहिलं मी," वन्सं हळूच म्हणाल्या. "विटा टाकल्या, वाळू टाकली, पुढच्या बाजूला चुना टाकून झाला. मागं जमीनच अशी, दाबलं की पाणी वर येतं. आता सांग सगळ्या गावाला. ताईंच्या घरामागं चिखल आहे म्हणून."

"आधी बघू द्या."

पत्र्याच्या आडोशामागं खोलीएवढी जागा होती. पावलं ठेवायला दोन फळ्या टाकलेल्या. आणि त्यांच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत, लाल शेवाळाची गादी. ट्रेमधल्यासारखी चिमूटभर नाही, उशा रचून ठेवल्यासारखी, फुगलेली, ओली, वरून लाल आणि आत हिरवट. काकूंनी हात ठेवला तर मनगटापर्यंत बुडाला.

पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच गेलं. फळ्यांच्या टोकाला एक खुर्ची होती. खुर्चीवर विणलेली उशी. बाजूला उपडा ठेवलेला चहाचा कप.

"वन्सं, तुम्ही इथं बसता?"

"मी कशाला बसू?"

"उशी आहे."

"ती... वाळत घातलीय." वन्संनी उशी उचलली आणि परत तिथंच ठेवली. मग म्हणाल्या, "संध्याकाळी थोडा वेळ. पाय गार पडतात. इथं काही पुसायचं नसतं ना. कितीही पुसलं तरी ओलंच. म्हणून मग नुसतं बसता येतं."

काकूंनी यावर काही टोमणा मारला नाही. त्यांनी आपली गोष्ट सांगून टाकली. मॅडम, लाल ट्रे, किडा, बादली. वन्सं ऐकत होत्या. सोड्यापर्यंत आल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला.

"शेवाळ धुतलंस?"

"घाण होतं हो ते."

"सोड्यानं?"

"चमचाभर!"

वन्संना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या खुर्चीत बसल्या आणि पुन्हा हसल्या. काकूंनी या बाईला हसताना कधी पाहिलं नव्हतं. दात छान होते.

"ने," शेवटी वन्सं म्हणाल्या. "हवं तेवढं ने. पण कुठून आणलंस ते कुणाला सांगायचं नाही. माझ्या घराचं नाव निघता कामा नये."

"गळ्याची शपथ."

"आणि समोरच्या खिडक्या कुणाच्या जास्त स्वच्छ, ते आज भावासमोर सांगायचं."

काकूंनी डोळे मिटले, ओठ चावला, आणि आत जाऊन झोपेचं सोंग घेतलेल्या नवऱ्यासमोर सांगून टाकलं. काकांनी एक डोळा उघडून बायकोला ताप तर नाही ना ते पाहिलं.

मॅडम आल्या तेव्हा लाल ट्रे भरलेले होते. काकू लांब उभ्या राहून काच पुसत होत्या, तीच काच, पुन्हा पुन्हा. मॅडम वाकल्या. बोटांनी शेवाळ बाजूला सारून खाली पाहिलं. मग अजून वाकल्या.

"काकू, हे आपलं नाही."

"कशावरून?"

"आपलं बोटभर होतं, याची मुळं... म्हणजे याचा खालचा भाग बघा, वर्षानुवर्षांचा आहे. हे कुठेतरी स्वतःहून वाढलंय." त्या वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे काकूंना जास्तच धडकी भरली. "आपल्या ट्रेचं काय झालं?"

काकूंनी सांगितलं. सोड्यासकट. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हाताखाली त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं, बहुतेक दोन्ही.

"बरं. ते गेलं," त्या म्हणाल्या. "पण हे आणलं कुठून? काकू, आम्ही सगळी दलदल पालथी घातली होती. याचा आणखी एखादा तुकडा जिवंत असेल तर तो राखायला हवा. कुणी त्यावर माती टाकली, चुना टाकला तर संपलं. मला जागा दाखवा."

"ते नाही सांगता येणार."

"का?"

"शब्द दिलाय."

"काकू, वरच्यांना मला उत्तर द्यावं लागेल. ट्रे धुतले हे मी सांभाळून घेईन. पण अशी जागा माहीत असून लपवलीत, तर तुम्हाला कामावर ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

काकूंनी पुसायचं फडकं घडी घालून पिशवीत ठेवलं. तारेचा ब्रशही ठेवला. "मग राहू दे," त्या म्हणाल्या, आणि जाताना हिरव्या ट्रेपाशी जरा थांबल्या. "त्या तिसऱ्यावर ऊन येतं दुपारी. सरकवा," एवढं म्हणून त्या गेल्या.

घरी त्या 'शब्द दिला होता, म्हणून काम सोडलं' एवढंच म्हणाल्या, आणि काही पुसलं नाही. काका खुर्चीत बसले, पाय खालीच ठेवून. कुणी उठवलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. टेबलावर चहाचा गोल डाग पडला आणि तसाच राहिला, तेव्हा मात्र काका घाबरले. त्यांनी चपला घातल्या आणि बहिणीचं घर गाठलं.

"नोकरी सोडली तिनं," ते दारातूनच म्हणाले. "तुझं नाव घेतलं नाही. टेबलावर डाग आहे, ताई. ती त्याच्याकडे बघते आणि पुसत नाही."

वन्संनी भावाला आत घेतलं नाही. त्यांनी कपाटातले इस्त्रीचे कपडे काढले.

काचघरात शिरल्यावर वन्संनी सगळ्यात आधी ट्रेच्या फळीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मग मॅडमना म्हणाल्या, "ते लाल माझ्या घरामागचं आहे. माझी भावजय धुते जास्त, पण खोटं बोलत नाही. तिला परत बोलवा."

मॅडमना बोलायला वेळच मिळाला नाही, कारण वन्संच्या अटी सुरू झाल्या होत्या. बघायला या, पण पुढच्या दारानं नाही. चार माणसं एकदम नकोत. आणि माझ्या चिखलात कुणीही घाणेरडे बूट घेऊन यायचं नाही.

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या.

"काय बरोबर?"

"बूट धुवूनच जायचं असतं. दुसरीकडचं बी, रोग, काहीबाही तळव्याला चिकटून येतं. आम्ही सगळ्यांना सांगतो, पण कुणी नीट धुतच नाही."

वन्संनी मॅडमच्या बुटांकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं. "पोरी, मला एक स्टूल लागेल," त्या म्हणाल्या.

म्हणून लावणीच्या दिवशी दलदलीच्या तोंडाशी एक बादली होती, एक ताठ ब्रश होता आणि स्टुलावर वन्सं होत्या. वरचे साहेब आले, ओळखीचं स्मित करून पुढे निघाले आणि परत पाठवले गेले. "टाच राहिली." ते पुन्हा धुवून आले. "दुसरी." फळ्या ठोकणारा माणूस रांगेत सगळ्यात मागे उभा राहून आपले बूट नखानं खरवडत होता. काका लोकांना बसनं आणून सोडून आता ड्रायव्हरच्या जागेवरच होते, आणि कुणी पाय पुसत असताना आपण नुसतं बसून आहोत, हे सुख तोंडभर पसरवून बसले होते.

फिनेलकाकू सगळ्यात शेवटी आल्या. हातात लाल ट्रे. बूट लखलखीत. वन्संनी ते उजवीकडून पाहिले, डावीकडून पाहिले, तळवा वर करायला लावला. काही सापडेना. त्यांचा जीव कासावीस झाला. शेवटी त्यांनी बोट ट्रेकडे वळवलं.

"त्यात किडा आहे."

"असू दे," काकू म्हणाल्या. "तो तिथलाच आहे."

आणि त्या काळ्या ओल्या मातीत गुडघ्यांवर बसल्या, पायऱ्यांवर बसायच्या तशाच, आणि बोलत बोलत शेवाळ लावू लागल्या. "चल, बस इथं. हलायचं नाही आता."

संध्याकाळी वन्संच्या घरी त्यांनी दारात पाय एकदाच पुसले. आडोशामागून कपाचा आवाज आला, तशा त्या सरळ मागं गेल्या. फरशी ओली आहे असं कुणी म्हटलं नाही. वन्सं खुर्चीत बसल्या होत्या, पाय गार करत.

"मला जागा आहे का?" काकूंनी विचारलं.

"जागा आहे," वन्सं वळूनही न पाहता म्हणाल्या. "खुर्ची आपली आपण आण. आणि पुसून आण."